लाट वजा केल्यावर

दिवाळीच्या सुटीनंतर महाविद्यालय उघडले त्या दिवशी प्राध्यापक-कक्षात आम्ही आमच्या मॉरिशस-प्रवासाची हकिगत सांगत होतो. आम्ही म्हणजे प्रस्तुत लेखकद्वय. दोघेही मराठीचे अध्यापक, दोघेही पंचेचाळिशी ओलांडलेले, आणि गेली एकोणीस वर्षे एकमेकांचे पतिपत्नी. विजेवर चालणाऱ्या सर्फबोर्डवर आम्ही उभे राहिलो (खरे तर, उभे राहण्याचा प्रयत्न केला) हे ऐकून इंग्रजीच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "लाट नाही, वल्हवणं नाही, वाट पाहणं नाही. म्हणजे गाइड वाचून एम.ए. होण्यासारखंच झालं की हे!" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण ते वाक्य मनात रुतून बसले. कारण गाइडांच्या विरोधात आम्ही दोघांनी वर्गात आजवर जितकी भाषणे ठोकली आहेत, तितकी बहुधा कोणत्याही वाङ्मयप्रकारावर केलेली नाहीत. सहकाऱ्यांचा आक्षेप निम्मा खरा आहे आणि निम्मा साफ चूक, असे आमचे मत झाले आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी वस्तूची ओळख. विजेच्या फळ्या दोन जातींच्या. एक पाण्याचा झोत मागे फेकत पृष्ठभागावरूनच धावते. दुसरी, जिला ईफॉइल म्हणतात, ती पाण्यावर धावत नाही. पाण्याच्या वर उचलली जाते. आमच्या वाट्याला दुसरी आली. तिच्या पोटाला सुमारे पाऊण मीटरचा एक खांब उभा जोडलेला असतो, त्याच्या तळाशी विमानाच्या पंखांसारखे दोन पंख, पुढे मोठा आणि मागे लहान, आणि जवळच एक छोटी मोटर. फळीच्या पोकळीत लिथियम-आयन बॅटरी. ती धरून वजन पंचवीस-तीस किलो भरते. हातात एक बिनतारी नियंत्रक, त्याला बंदुकीसारखा चाप. चाप दाबला की मोटर फिरते, सोडला की थांबते. वेग वाढला की पंखांवरून जाणारे पाणी फळीला वर रेटते. हा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे फळी हळूहळू वर येत नाही. बराच वेळ काहीच घडत नाही आणि मग एकाएकी सगळे घडते. अशा फळ्या २०१५ ते २०२० या काळात बाजारात आल्या, आणि नवी फळी घ्यायची तर आजही दहा हजार अमेरिकी डॉलरांच्या आगेमागे मोजावे लागतात. आम्ही अर्थातच ती तासाच्या भाड्याने घेतली. त्या एका तासाच्या भाड्यात आमच्या विभागातल्या तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सहकाऱ्याच्या किती तासिका बसतात, हा हिशेब आमच्यापैकी एकाने किनाऱ्यावरच केला आणि दुसरीने तो मोठ्याने करू नये असे सुचवले.

मॉरिशसला या खेळाची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. बेटाला बहुतेक सर्व बाजूंनी प्रवाळभिंतीचे कडे आहे. हिंदी महासागराच्या लाटा त्या भिंतीवर फुटतात आणि आत किनाऱ्यापर्यंत संथ, हिरवट पाण्याचा पट्टा उरतो. खऱ्या सर्फिंगला हे पाणी निरुपयोगी, कारण त्यात लाटच नाही. नवशिक्याच्या ईफॉइलला मात्र तेच हवे असते. पाणी सपाट हवे आणि खांब तळाला लागू नये इतके खोल हवे. दूर क्षितिजाशी भिंतीवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ दिसत राहते, तिचा गंभीर आवाज येत राहतो. आपण ज्या गोष्टीच्या नावाने आलो ती गोष्ट तिकडे आहे आणि आपण इकडे आहोत, हे तासभर कानांवर पडत असते.

आमचा शिक्षक जेमतेम विशीतला होता. बोलणे क्रिओलमध्ये, गरजेपुरते इंग्रजी, सिनेमातून आलेले हिंदी. आडनाव विचारले तर ते एखाद्या माणसाचे नाव निघाले, शेवटी 'जी' जोडलेले. तिथल्या मराठी घरांत हे नवे नाही. गिरमिटिया म्हणून उतरलेल्या पूर्वजाचे नाव नोंदवहीत चढले आणि तेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. आम्ही मराठी शिकवतो हे कळल्यावर त्याने प्राथमिक शाळेतले चार शब्द आठवून पाहिले, आजीला अजून बोलता येते असे सांगितले, आणि लगेच कामाला लागला. त्याच्या भाषेतला एक शब्द आम्ही त्या तासात निदान शंभर वेळा ऐकला: 'दुस्मां', म्हणजे हळू.

पहिला धडा पालथे पडून. पोट फळीवर, नियंत्रक दोन्ही हातांत, चाप अगदी हलका. दुसरा धडा गुडघ्यांवर. तिसरा उभे राहून. हा क्रम ऐकताना रांगणाऱ्या मुलाची आठवण होते, आणि ते अंमळ अपमानास्पदही वाटते. आमच्यापैकी जी एक आहे, ती तिसऱ्या प्रयत्नात गुडघ्यांवरून उठून उभी राहिली. जो एक आहे, तो पुढची पस्तीस मिनिटे पडत होता. पडण्याचे प्रकार त्याने जवळून अभ्यासले आहेत. पायांकडे पाहिले की माणूस पुढे पडतो. भीतीने चाप एकदम सोडला तर फळी थबकते आणि शरीर आपल्या वेगाने पुढे निघून जाते. सगळ्यांत बोधप्रद प्रकार असा: फळी वर उचलली जाऊ लागली की माणूस स्वाभाविकपणे मागे रेलतो. पण मागे रेलल्याने फळीचे नाक आणखी वर जाते, ती आणखी उसळते, पंख पाण्याबाहेर येतो आणि खालचा आधारच नाहीसा होतो. म्हणजे ज्या क्षणी घाबरून मागे सरावेसे वाटते, त्याच क्षणी भार पुढच्या पायावर टाकायचा असतो. हे आम्हाला किनाऱ्यावर समजावून सांगितले होते. वाक्याचा अन्वय, अर्थ, भावार्थ सगळे कळले होते. डोक्यावर शिरस्त्राण, अंगात तरंगता अंगरखा आणि मनात संपूर्ण आकलन घेऊन आम्ही पडत होतो.

सहकाऱ्यांच्या गाइडच्या उपमेत खोट आहे ती इथे. गाइड विद्यार्थ्याला पडू देत नाही. तोच तर त्याचा धंदा. तयार उत्तर हातात देऊन ते अज्ञानाची लाज झाकते. या फळीने आमचे काहीही झाकले नाही. यंत्राने वेग दिला, पण तोल दिला नाही. खऱ्या सर्फिंगमध्ये निदान लाटेवर खापर फोडता येते. लाट मोठी होती, वाकडी होती, लवकर फुटली. सपाट पाण्यात मोटर एकसारखी फिरत असताना पडलेल्या माणसाला बोट दाखवायला स्वतःशिवाय कोणी उरत नाही.

त्या मुलाच्या शिकवण्याची पद्धत आम्ही पाण्यातून डोळे पुसत पाहत होतो. प्रत्येक पडण्यानंतर तो एकच गोष्ट सांगे. चुका चार झालेल्या असत, त्या त्याला दिसलेल्याही असत, कारण पुढच्या पडण्यांनंतर तो त्या एकेक करून सांगत असे. पण एका वेळी एकच. "आता फक्त वर बघा." मग, "आता फक्त गुडघे." तो हसला नाही, आणि उगाच कौतुकही केले नाही. आम्हा दोघांना त्या वेळी एकाच विद्यार्थ्याची आठवण झाली, हे रात्री बोलताना कळले. काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गात एका मुलाला कथेचा उतारा वाचायला सांगितले होते. त्याच्या घरची बोली वेगळी, जोडाक्षरांवर तो अडखळत होता, दंड गाळून पुढे जात होता. आमच्यापैकी एकाने त्याला थांबवले आणि उच्चार, विराम, आघात, पुस्तक धरण्याची पद्धत अशा पाच-सहा चुका ओळीने दाखवून वर म्हटले, "आधी वाचायला शीक, मग वाङ्मयाकडे वळ." वर्ग हसला. दुसऱ्या सत्रात त्या मुलाने मराठी सोडून दुसरा विषय घेतला होता. आम्ही त्याचे कारण वेळापत्रकात शोधले होते.

तिशीतले दोन अमेरिकन लेखक हवाईत या खेळाच्या वाटेला गेले होते, ते अशा वेळी आठवतात. मार्क ट्वेनने १८६६ साली एकदा प्रयत्न केला. फळी किनाऱ्याला लागली आणि तो पाण्यात राहिला. ही विद्या तिथल्या मूळ लोकांखेरीज कोणाला साधायची नाही, असा निकाल देऊन तो मोकळा झाला. 'रफिंग इट'मध्ये तो प्रसंग आहे आणि तो गमतीदार आहे. जॅक लंडन १९०७ साली वायकिकीला उतरला, अलेक्झांडर ह्यूम फोर्ड आणि जॉर्ज फ्रीथ यांच्याकडून शिकला, चार तास पाण्यात राहिला, उन्हाने अंग इतके भाजून घेतले की दुसऱ्या दिवशी अंथरुणावर पडून त्याला लेख लिहावा लागला. आम्ही ट्वेनचे चाहते आहोत. पण ट्वेनची विनोदबुद्धी ही पुन्हा न पडण्याची एक नामी युक्ती आहे, असे आता वाटू लागले आहे. प्राध्यापक-कक्षातल्या पुष्कळशा विनोदाची जातही तीच.

आता सहकाऱ्यांच्या म्हणण्यातला खरा भाग. तासाच्या अखेरीस आमच्यापैकी जी एक आहे, ती उचलली गेली. फळी पाण्यापासून हातभर वर आली आणि तळावर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज एकाएकी बंद झाला. ती सांगते की तो आवाज थांबला तेव्हा आधी भीती वाटली, आनंद नंतर आला. वीस-पंचवीस सेकंद ती अशी गेली. विलक्षण अनुभव, यात शंका नाही. पण त्यात समुद्राचा वाटा किती? पाणी खोल असावे आणि मधे येऊ नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. मोठ्या तळ्यातही हे घडले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तामारिनला गेलो. पश्चिम किनाऱ्यावर तिथे नदी समुद्राला मिळते, प्रवाळभिंतीला खिंड पडली आहे आणि महासागराच्या लाटा आत येतात. लॅरी येट्सच्या १९७४ सालच्या सर्फिंगवरील चित्रपटाने ही जागा जगाला दाखवली, पण गर्दी होऊ नये म्हणून बेटाचे खरे नाव दडवून त्याला 'सांतोशा' म्हटले. आपला 'संतोष'च तो. आम्ही गेलो तेव्हा हंगाम सरत आलेला, लाटा बेताच्या. सात-आठ पोरे फळ्यांवर पाय सोडून बसली होती, समुद्राकडे तोंड करून. आम्ही पाऊण तास पाहत होतो. त्यात प्रत्येकाला फार तर दोन लाटा मिळाल्या असतील. एखादी लाट येई, दोघे वल्हवू लागत, एक सोडून देई. कोणती आपली आणि कोणती नाही, हे ती पोरे पाण्याच्या सुरकुतीवरून ओळखत होती. हे वाचन आहे. आमच्या फळीने नेमके हेच अनावश्यक ठरवले होते. म्हणून तिला सर्फिंग म्हणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गाइड मूळ पुस्तक काढून घेते आणि कष्टही काढून घेते. हिने पुस्तक काढून घेतले, कष्ट ठेवले. या तिसऱ्या गोष्टीला मराठीत अजून नाव नाही. 'विद्युत्तरंगफलक' असा शब्द आम्ही घडवून पाहिला, तो उच्चारताना आमच्याच जिभेचा तोल गेला.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला त्या मुलाने सहज सांगितली. बॅटरी चार्ज कुठे करता, असे विचारले, तेव्हा त्याने किनाऱ्यामागच्या खोलीतला प्लग दाखवला आणि मग हात लांब उसाच्या शेतांकडे केला. मॉरिशसची वीज मुख्यतः कोळसा आणि तेलावर होते, तेव्हा 'विजेची म्हणून निर्मळ' हा दावा तिथे फारसा टिकत नाही. पण गाळपाच्या दिवसांत तिचा काही हिस्सा उसाच्या चिपाडावर होतो. आणि गाळप चालू होते. १८३४ पासून ज्या उसासाठी रत्नागिरी-सावंतवाडीकडची माणसे मुंबई बंदरातून जहाजांत भरून या बेटावर आणली गेली, त्याच उसाच्या चिपाडावर आमची फळी थोडीफार चालली होती. त्यांना समुद्र फक्त ओलांडायला मिळाला. आपल्या साहित्यातही, 'एम. टी. आयवा मारू' लिहिणाऱ्या अनंत सामंतांसारखे अपवाद सोडले, तर समुद्र बहुधा किनाऱ्यावरून पाहिलेला किंवा विरहासाठी वापरलेला. त्यात हौसेने पडायला जायचे तर पगार, सुटी आणि परतीचे तिकीट हे तिन्ही हातात असावे लागते. पडण्याची चैन आम्ही विकत घेतली होती; वर्गातल्या त्या मुलाला ती परवडली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्यापैकी जो एक आहे त्याने आणखी अर्धा तास घेतला. भाड्याचा हिशेब या वेळी कोणी केला नाही. मुलगा शेजारी दुसऱ्या फळीवर पालथा पडून सोबत करत होता. सहा वेळा पडल्यावर सातव्या वेळी तो उभा राहिला, फळी उचलली गेली, आवाज थांबला, आणि त्याने भार पुढे टाकला. किनाऱ्यावरून मोजणारीने अकरा आकडे मोजले. मग तो डावीकडे पडला, वर आला आणि चाप दाबून पाहिला, तर काहीच हलेना. नियंत्रकावर लाल दिवा लुकलुकत होता. मुलाने दोर बांधला आणि फळीसकट त्याला ओढत किनाऱ्याकडे आणले.