लाख जंगलाची, सूर कुणाचा?

ग्रामोफोनच्या तबकड्या गेल्या याबद्दल हळहळणे, हा शहरी मध्यमवर्गाचा एक प्रतिष्ठित विरंगुळा होऊन बसला आहे. सुईची खरखर, वेष्टनावरचे छायाचित्र, चावी भरण्याचा सोहळा यांविषयी गहिवरून लिहिणाऱ्यांची वाण नाही. दरम्यान तबकडी परतही आली आहे. अमेरिकेत २०२२ साली व्हिनाइलच्या चार कोटींहून अधिक तबकड्या खपल्या आणि संख्येने त्यांनी सीडीला मागे टाकले. एके काळी हॉटेलात आणि लग्नमंडपात वाजणारी ही वस्तू आता दिवाणखान्यातील चैनीची वस्तू म्हणून विकली जाते. तेव्हा तबकडीचा ऱ्हास झाला हे विधान अर्धसत्य आहे. ती सामान्यांच्या हातून निसटून सधनांच्या कपाटात स्थिरावली, असे म्हणणे अधिक खरे होईल.

या स्मरणरंजनात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. ही तबकडी मुळात कशाची बनली होती, आणि ज्यांच्या श्रमातून ती बनली त्यांच्या पदरात तिने काय टाकले? हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात उभे राहून विचारला पाहिजे.

मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची होती. दगडाची पूड आणि काजळी यांना एकजीव करून धरणारा पदार्थ म्हणजे चपडा लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच तयार करतात. त्या फांद्या तोडायच्या, कवच खरवडायचे, वाळवायचे आणि आठवडी बाजारात व्यापाऱ्याच्या तराजूत टाकायचे, हे काम आदिवासी आणि जंगलालगतच्या गरीब कुटुंबांचे. लाखेचे मोठे आगर छोटा नागपूर असले, तरी पूर्व विदर्भातील जंगलेही या व्यापारापासून दूर नव्हती. ग्रामोफोन कंपनीने १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचा आवाज मुद्रित केला आणि १९०८ साली सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना काढला. त्यानंतरची चार-पाच दशके केवळ भारताचेच नव्हे, तर जगाचे गाणे भारतीय लाखेवर कोरले जात होते. कारण जगाला लागणारी बहुतेक लाख भारतातूनच जात असे.

या व्यापाराचे निर्णय कोठे होत, हे पाहण्यासारखे आहे. १९४२ साली अमेरिकेच्या सरकारने युद्धाच्या गरजेपोटी तबकड्यांसाठी लागणाऱ्या लाखेवर कडक नियंत्रण घातले. १९४८ साली तेथील कोलंबिया कंपनीने व्हिनाइलची दीर्घवादन तबकडी बाजारात आणली, आणि कारखान्यात बनणाऱ्या प्लास्टिकने जंगलातून येणाऱ्या लाखेची जागा घेण्यास सुरुवात केली. भारतात जुन्या तबकड्या आणखी काही वर्षे निघत राहिल्या, पण लाखेचा तो मोठा ग्राहक अखेरीस नाहीसा झाला. वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कच्या कचेऱ्यांत झालेल्या या निर्णयांची वार्ता लाख खरवडणाऱ्या स्त्रीपर्यंत पोचण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे व्यापाऱ्याने सांगितलेला उतरता भाव. तबकडीचा पहिला ऱ्हास हा असा जंगलाच्या बाजारात झाला. त्यावर कोणी ललित लेख लिहिला नाही.

लाख गेली, पण निदान आवाज तरी आला का? मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची रानातल्या शिळेची कविता ग. ना. जोशी यांनी गायली आणि १९३० च्या दशकात तिची तबकडी महाराष्ट्रभर गाजली. मराठी भावगीताच्या इतिहासात तिला मानाचे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु रान हा शहरी गीताचा विषय झाला, म्हणून रानातला माणूस गायक म्हणून तबकडीवर आला असे नाही. तबकडी कंपनी गिऱ्हाईक पाहून गायक निवडत असे. ज्यांच्या घरी यंत्र होते त्यांच्या आवडीचे नाट्यगीत, भावगीत आणि पुढे चित्रपटगीत मुद्रित झाले. ज्याच्या घरी यंत्रच नाही, त्या माडियाच्या किंवा गोंडाच्या गीताला या बाजारात मोल कोठून येणार? सरकारनेही तबकड्या काढल्या होत्या. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१३ ते १९२९ या काळात भारतीय भाषांचे नमुने मुद्रित झाले. पण त्यासाठी बोलणाऱ्यांकडून प्रामुख्याने वदवून घेतली गेली ती बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट. जीभ इथली, कथा साहेबाची!

हा अन्याय भारतापुरता नव्हता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताची कहाणी याच वळणाची आहे. चर्चमधील भक्तिगीत आणि कामकऱ्यांच्या वस्तीतील दुःख यांतून हे संगीत उभे राहिले. डेट्रॉइट या मोटारींच्या कारखान्यांच्या शहरात १९५९ साली मोटाउन कंपनीची स्थापना झाली आणि हे संगीत जगभर पसरले. इंग्लंडच्या उत्तरेकडील विगन या गिरण्या-खाणींच्या शहरातील नृत्यगृहात १९७३ ते १९८१ या काळात गोरे तरुण कामगार या संगीतातील अपरिचित तबकड्यांवर रात्ररात्र नाचत. एका देशातील कामकऱ्यांनी दुसऱ्या देशातील उपेक्षितांच्या गाण्यावर केलेले ते निखळ प्रेम होते. पण बाजाराने त्या प्रेमाचीही दुर्मीळ वस्तू केली. फ्रँक विल्सन या गायकाची १९६५ सालची एक तबकडी मोटाउनने विक्रीस आणलीच नाही. तिच्या बहुतेक सर्व प्रती नष्ट करण्यात आल्या. उरलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक २००९ साली २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. असा पैसा आधीच्या मालकाला मिळतो. ज्याच्या कंठातून ते गाणे निघाले, त्याचा या पुनर्विक्रीत हिस्सा नसतो. रूथ ब्राउन या गायिकेने मात्र आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा थकलेला मोबदला मिळावा म्हणून कंपनीशी दीर्घकाळ लढा दिला, आणि त्या लढ्यातून १९८८ साली वृद्ध कलावंतांच्या साहाय्यासाठी निधी उभा राहिला. तबकडी गेल्याचे रडगाणे न गाता तिने हिशेब मागितला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

संग्राहकांनी पुष्कळ वाचवले, असा यावर आक्षेप येईल. तो खोटा नाही. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थेने निरपेक्षपणे जे काम केले, त्याविना विसाव्या शतकाच्या आरंभीचे कितीतरी संगीत भंगारात गेले असते. त्यांच्याविषयी कृतज्ञताच असली पाहिजे. प्रश्न व्यक्तींच्या हेतूचा नसून व्यवस्थेचा आहे. खासगी संग्रहाचे मोल दुर्मीळतेवर ठरते; प्रत जितकी एकुलती तितकी किंमत अधिक. समाजाची गरज नेमकी उलटी असते. गाणे जितक्या गळ्यांत जाईल तितके ते समाजाच्या उपयोगाचे. विनिमयमूल्य आणि उपयोगमूल्य यांचा हा जुना झगडा आहे, आणि तो कपाटाला काच बसवून मिटत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत तर गाणे अजून जिवंत आहे. धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज, म्हणजेच वडसा, येथून नाटक कंपन्या गावोगावी जातात, मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर प्रयोग होतात आणि संगीत समोर बसून वाजवले जाते. दंडार आणि खडी गंमत यांची परंपरा याच मातीतली. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. दक्षिणेकडे रेलाची गाणी आहेत, राजुरा-जिवतीकडे ढेमसा आहे, परधानांची किंगरी आहे. मात्र एका व्यक्तीचा गौरव म्हणजे समूहाचा हक्क नव्हे.

आज या गीतांचे मुद्रण होत नाही असे नाही. कॅसेट आली तेव्हा खर्च घटला आणि स्थानिक गायकाला प्रथमच दार उघडले. विदर्भात भीमगीते घराघरांत पोचली ती याच साधनामुळे. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. गावातले गाणे क्षणात टिपले जाते आणि जगभर पाहिले जाते. पण जाहिरातींच्या उत्पन्नाचा एक वाटा परदेशी कंपनीकडे आणि उरलेला ज्याने चित्रफीत चढवली त्याच्याकडे जातो. गाणाऱ्या बाईचे नावही तेथे बहुधा नसते. व्यापारी बदलला, तराजू तोच राहिला.

कायदाही याच तराजूच्या बाजूला झुकलेला आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा ध्वनिमुद्रणाचा मालक म्हणून निर्मात्याला ओळखतो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटांचे गीतकार आणि संगीतकार यांना मोबदल्याचा हक्क बळकट करून दिला, हे स्वागतार्हच. परंतु ज्या गीताचा कर्ता एक व्यक्ती नसून पिढ्यान्‌पिढ्यांचा समूह आहे, ते या कायद्याच्या लेखी जवळजवळ बेवारस ठरते. इंग्रज सरकारने १८७८ च्या वनकायद्याने आदिवासींची वहिवाट ही मालकी नव्हे असे ठरवून जंगल ताब्यात घेतले, त्याच तर्काची ही आवृत्ती आहे. कागद नाही म्हणून जंगल तुमचे नाही. कर्त्याचे नाव नाही म्हणून गाणेही तुमचे नाही!

पहिल्या अन्यायाला गडचिरोलीने उत्तर दिले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करू लागल्या. याच कायद्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत लाखेचे नाव स्पष्टपणे लिहिलेले आहे. आणि याच कायद्याच्या कलम ३(१) मधील ‘के’ उपकलम जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधता यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर व बौद्धिक संपदेवर समूहाचा हक्क मान्य करते. १९९६ च्या पेसा कायद्यानेही परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तबकडीच्या काळात लाख आणि सूर या दोन्हींवर परक्यांची सत्ता होती. आज एकाच कायद्यात दोन्हींवरील हक्काचा आधार आहे. बांबूसाठी तो वापरला गेला. गाण्यासाठी वापरण्याचे काम पुढे आहे.

पोटाचे प्रश्न सुटले नसताना गाण्याचा दावा कशाला, असे काही कार्यकर्ते म्हणतील. हे दोन प्रश्न वेगळे मानणे हीच चूक आहे. सूरजागडच्या डोंगरात लोहखनिजाचे उत्खनन चालू आहे. डोंगर हा ज्यांच्या दैवताचा आणि गीताचा ठाव आहे, त्यांच्यापासून तो काढून घ्यायचा आणि त्यांचे गाणे मात्र वातानुकूलित संग्रहालयात जतन करायचे, हा जतनाचा मार्ग नव्हे. ती श्रद्धांजलीची पूर्वतयारी आहे. जंगलावरील हक्क आणि गाण्यावरील हक्क एकाच ठरावात मांडले, तर दोन्हींना बळ येते.

म्हणून काम नेमके आहे. गावात होणारे प्रत्येक ध्वनिमुद्रण ग्रामसभेच्या संमतीने व्हावे, गाणाऱ्याचे नाव नोंदले जावे, एक प्रत गावात राहावी आणि उत्पन्न झाल्यास त्याचा हिस्सा लेखी ठरावा. २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने या ध्वनींचा सार्वजनिक संग्रह सांभाळावा, पण विश्वस्त म्हणून. मालकी ग्रामसभेचीच राहावी. तेंदूच्या हंगामात हिशेबाची वही घेऊन गावोगाव जाणाऱ्या कार्यकर्त्याने तिच्यात आणखी एक पान उघडावे, आणि त्यावर कोणते गाणे, कोणी गायिले, कोणी मुद्रित केले आणि काय दिले, हे लिहावे. लाखेचा असा हिशेब कोणी ठेवला नाही आणि ती वसुली आता होणे नाही. सुराचा हिशेब मात्र अजून बुडालेला नाही.