गच्चीवरचं विमान आणि परवानगी

गेल्या शनिवारी लोणखेड्याला घरी गेलो होतो. बारावीतला पुतण्या अंगणात जुन्या फवारणी पंपाचं इंजिन खोलून बसला होता. सहज म्हटलं, मुंबईत एका माणसाने गच्चीवर विमान बांधलं आणि ते आपल्या धुळ्याला उडालंसुद्धा!

"काका, मग मी पण बांधू शकतो? परवानगी कोण देतं?"

मी गप्प. आणि मग जाम चिडलो.

म्हणजे बघा, कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, तीही मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर. धुळ्याला उड्डाण, २०२०! ज्या कामाला मुख्यमंत्री लागतात त्याला नियम म्हणत नाहीत, मेहेरबानी म्हणतात. मधेच २०१८ मध्ये पालघरच्या कारखान्यासाठी ३५ हजार कोटींचा करार. आपल्याकडे एकतर शून्य, नाहीतर थेट ३५ हजार कोटी. मधलं काही नाहीच.

अमेरिकेत हे 'मधलं' आहे. तिथल्या हौशी विमानबांधणाऱ्यांची संघटना १९५३ ची. दर जुलैमध्ये विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला मेळा भरतो. दहा हजारांवर विमानं येतात. महायुद्धातली म्हातारी आणि गॅरेजमध्ये जन्मलेली, एकाच गवतावर. आपल्या हवाई दलाकडे २०१८ मध्ये एक जुनं डकोटा आलं, पण दुरुस्त होऊन आलं ते ब्रिटनमधून!

"पडलं म्हणजे?" असं कुणीतरी विचारणारच. बरोबर आहे. म्हणूनच तिथे नियम आहे: निम्म्याहून जास्त काम हौसेने किंवा शिकण्यासाठी केलेलं हवं, तपासणी हवी, सुरुवातीचे तास ठरलेल्या हद्दीतच उडवायचं, आणि विमानावर 'प्रायोगिक' असं ठळक लिहायचं. सुरक्षितता अशी येते. फाइल दाबून ठेवल्याने येत नाही.

१८९५ साली तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडवलं, ही पुरावा नसलेली गोष्ट आपण छाती फुगवून सांगतो. जे खरंच उडालं त्याचं काय?

माझं मागणं छोटं आहे. एका पानात समजेल असा नियम, आणि हिवाळ्यात दोन दिवस धुळ्याची धावपट्टी. बास.

असो. संध्याकाळी पंप सुरू झाला, पण एक नट उरला. म्हटलं, आधी हा कुठला ते शोध. विमानात नट उरून चालत नाही, राजा.