नळी, दुर्बीण आणि लोकशक्ती

अमेरिकेत नळी एका कारखान्याची, चाप दुसऱ्याचा, दस्ता तिसऱ्याचा आणि वर मनपसंत दुर्बीण, अशी अर्धस्वयंचलित रायफल ग्राहक घरी जुळवतो. भारतात परवान्याविना शस्त्र बनविणे वा त्यात फेरफार करणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाच्या शस्त्रांची मर्यादाही तीनवरून दोनवर आणली. याबद्दल हळहळणारे शस्त्रप्रेमी १८७८ च्या शस्त्रकायद्याचा दाखला देतात आणि म्हणतात, नि:शस्त्र जनता गुलामच राहते. तो कायदा जुलमी होता, यात वाद नाही. परंतु या युक्तिवादाचे उत्तर सातारा-सांगलीच्या मातीने केव्हाच देऊन ठेवले आहे.

९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजला नि:शस्त्र मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. नऊ जण हुतात्मा झाले. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने शस्त्रे हाती घेतली, हेही खरे. पण तुफान सेनेला बंदुकीची निवड कुठली? मिळेल ते हत्यार! तरीही साम्राज्याला १९४६ पर्यंत ही चळवळ मोडता आली नाही. भूमिगताला भाकरी देणारे घर, तोंड न उघडणारे गाव आणि गोरगरिबाला दारात न्याय देणारी न्यायमंडळे, हे तिचे खरे बळ होते.

दिवाणखान्यातील दुर्बिणीची रायफल कोणाचे रक्षण करणार? ऊसतोड मजुराचे? ज्याची ऐपत, त्याच्याच मालमत्तेचे! शस्त्रांचा बाजार खुला झाला, तर नळी प्रथम रोखली जाईल ती थकलेली मजुरी मागणाऱ्यावर. कार्यकर्त्यांनी या ‘हक्का’ला भुलू नये. संघटना बांधावी, तिचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत.