ताज्या फळांची पनीर-कोशिंबीर

परगावी शिकणारी नात सुट्टीत घरी येते आणि मोठ्या हौसेने आजीसाठी फळांची कोशिंबीर करावयास घेते. अंजिराच्या फोडी, त्यांवर चीजचे तुकडे, वरून मधाची धार. पाश्चात्त्य पाककृतींत हा मेळ वारंवार आढळतो. आजी वाडगा हाती घेते, क्षणभर पाहते आणि काही न बोलता खाली ठेवते. नातीला वाटते, आजीला नवे काही रुचतच नाही. वस्तुतः त्या वाडग्यात आजीने निःशंकपणे घ्यावे असे काहीच नसते.

अंजीर पंच उदुंबर फळांत गणले जाते. मद्य, मांस, मधु आणि ही पाच फळे यांचा त्याग हे श्रावकाचे आठ मूलगुण. अंजीर व मध तेथेच वर्ज्य ठरतात. चीजचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. दुधाचा पदार्थ म्हणून ते सहज निर्दोष मानले जाते. परंतु परंपरागत पद्धतीत दूध घट्ट करणारे रेनेट दूधपित्या वासराच्या चौथ्या जठराच्या अस्तरातून काढतात, आणि त्यासाठी ते वासरू मारलेले असते. इटलीचे प्रसिद्ध पार्मेजानो रेजानो आजही अशाच रेनेटने होते. परदेशी वेष्टनावर पुष्कळदा ‘एन्झाइम्स’ एवढाच मोघम शब्द असतो. आपल्याकडील हिरव्या ठिपक्याने प्राणिज रेनेटची शंका फिटते. मात्र मध आणि कंदमूळ यांविषयी तो ठिपका काहीच सांगत नाही. मधाच्या बाटलीवरही तो असतोच!

म्हणून घरचे ताजे पनीर उत्तम. एक लिटर सायीचे दूध उकळून आच बंद करावी. दोन मोठे चमचे लिंबाचा रस तितक्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घालावा व हलके ढवळावे. पाणी हिरवट, स्वच्छ दिसू लागले की थांबावे. रस अधिक झाल्यास पनीर आंबट व चिवट होते. स्वच्छ मलमलीत गाळून, थंड पाण्याने धुऊन, अर्धा तास वजनाखाली ठेवावे. पनीर त्याच दिवशी संपवावे.

फळे ऋतूप्रमाणे घ्यावीत. डाळिंबाचे दाणे, संत्र्याच्या साल व बी काढलेल्या फोडी, सफरचंद, आणि द्राक्षे असल्यास प्रत्येक मणी उभा चिरून, शोधून. सफरचंदाला चिरताच लिंबाचा रस चोळावा, म्हणजे ते काळवंडत नाही. काकडीने कुरकुरीतपणा येतो. वरून सैंधव, मिरपूड व भाजलेल्या जिऱ्याची पूड पुरेशी आहे. आले कंद असल्याने टाळावे, हवी तर चिमूटभर सुंठ. पुदिना रुचकर लागतो. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असलेल्या घरांनी तो वगळावा. मोड आलेले मूग घालण्याचा मोह नातीला निश्चित होईल. परंतु दुग्धजन्य पदार्थासह कच्चे कडधान्य आले की द्विदलाचा प्रश्न उभा राहतो. तेव्हा मूग निराळ्या वाटीत, निराळ्या वेळी.

मीठ अगदी शेवटी घालावे, अन्यथा फळांना पाणी सुटते. सूर्यास्तास पुरेसा अवकाश असताना कोशिंबीर वाढावी. पनीरचे उरलेले पाणी फेकू नये. त्यात कणीक भिजवल्यास सायंकाळच्या पोळ्या मऊ होतात.