मौजयात्रा आणि आमचा डफ

परंपरा, परंपरा म्हणून हे लोक ऊर बडवतात तेव्हा मी एकच विचारतो: कुणाची? आणि ती त्याच्या गळ्यात घातली कुणी?

टीव्हीवर कार्यक्रमांची एक जात निघालीय (जातीशिवाय इथं काही निघतच नाही म्हणा). गाडी काढायची, गाव गाठायचं, तिथलं वाद्य, तिथला गळा पकडायचा, वर शहरी बाज चढवून गाणं करायचं. २०११ ला स्टार वर्ल्डवर 'द देवारिस्ट्स' आलं, नाव व्हिस्कीच्या ब्रँडवरून. २०१२ ला एमटीव्हीवर स्नेहा खानवलकरांचं 'साउंड ट्रिपिन'. पंजाबच्या नूराँ भगिनींचा आवाज त्यातून देशभर गेला, हे मी नाकारत नाही. बाईंच्या कामाला मी नावं ठेवत नाही. माझं भांडण त्या नजरेशी आहे, जिला डफ दिसतो पण तो कुणाच्या हातात आणि का आला ते दिसत नाही.

दोस्तांनो, आपल्याकडं वाजवणं ही हौस नव्हती. गावकीचं काम होतं. लग्न त्यांचं, देव त्यांचा, पालखी त्यांची. वाजवायचं महारामांगांनी, तेही देवळाच्या पायरीखाली उभं राहून. मोबदला? शिळी भाकर, पसाभर दाणे. १९५६ ला धम्म घेतल्यावर आपल्या माणसांनी गावोगाव हे वाजवणं सोडलं, त्यापायी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. आणि आता शूटिंगवाला येऊन हळहळतो, अरेरे, कला मरतेय! बाबा रे, वेठ मेली, तिचं सुतक तू का पाळतोस? तारप्याचंही तेच. जव्हार-डहाणूचा तारपा सगळ्यांना हवा. १९४५ ला याच वारल्यांनी वेठबिगारी झुगारली, ते कोण विचारतो?

आणि जे आपण आपल्या मर्जीनं गायलो, ते यांच्या लेखी परंपराच नाही. भीमराव कर्डकांचा जलसा १९३० च्या दशकात गावोगाव फिरला. वामनदादा कर्डक १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले, २००४ ला गेले. मधलं सगळं आयुष्य फिरण्यात आणि गाण्यात. वस्तीत उतरायचं, असेल ती भाकर खायची, रात्र जागवायची. प्रवास आणि संगीत, हीच ना ती मालिका? बिनकॅमेऱ्याची, बिनव्हिस्कीची. पण भीमगीत म्हटलं की ते राजकारण. गुलामीत वाजवलं ती संस्कृती, मुक्तीसाठी गायलं तो प्रचार!

मी आगाशीचा. इथं कॅमेरा आला तर काय घेईल ते आत्ताच सांगतो: सुकेळी, भवानीशंकराचं देऊळ, अर्नाळ्याचा किल्ला, मावळता सूर्य. शेजारी सोपारा आहे. तिथं १८८२ ला भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणला, त्याच साली अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला. हा आठवा लेख काय सांगतो माहीताय? आधीचे राजे मौजेला, शिकारीला यात्रा काढत. अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला जाऊन आला आणि त्याची धम्मयात्रा सुरू झाली. तिच्यात श्रमणांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटायचं, दान द्यायचं, खेड्यातल्या माणसांकडं जायचं, धम्माविषयी बोलायचं, प्रश्न करायचे. बावीसशे वर्षांपूर्वीच्या राजाला जे कळलं ते टीआरपीवाल्यांना कळेना.

तेव्हा कुणी माईक घेऊन वस्तीत आलं तर हाकलू नका. पण म्हाताऱ्याला वाजवायला लावण्याआधी त्यानं वाजवणं का सोडलं, ते विचारायला भाग पाडा. पैसे आधी ठरवा. नाव पडद्यावर पूर्ण आलं पाहिजे.

आणि त्यांची वाट तरी कशाला बघता? वस्तीवस्तीत एखाद्या ट्रंकेत गाण्यांची वही पडलीय, वाळवी लागलेली. गाणारी म्हातारी अजून आहे. तुमच्या खिशात मोबाईल आहे. १४ एप्रिलच्या डीजेला वर्गणी निघते, आणि तिचं गाणं उतरवून घ्यायला एक रविवार निघत नाही? कवी कोण, गाव कुठलं, कोणत्या जलशात गायलं, सगळं लिहून घ्या. मी येत्या रविवारी आगाशीपासून सुरुवात करतोय. ज्यांच्या घरी वह्या असतील त्यांनी घेऊन यावं.