पवनचक्क्यांची नियमावली कुठे आहे?

नवे औषध बाजारात येण्यापूर्वी त्याच्या चाचण्या होतात आणि बाजारात आल्यानंतरही त्यावर नजर ठेवावी लागते. हजारभर रुग्णांत न दिसलेला दुष्परिणाम लाखो लोक ते औषध घेऊ लागले की दिसू शकतो. म्हणून सरकारी रुग्णालयात औषधाच्या प्रतिकूल परिणामाची नोंद करायचा छापील नमुना असतो. तो भरायचा कंटाळा सगळेच करतात, पण निदान नमुना आहे. पवनऊर्जेच्या बाबतीत आपल्याकडे आधीची चाचणीही सक्तीची नाही आणि नंतरची नोंदही नाही.

आधी एक स्पष्ट करतो, कारण हा विषय काढला की लगेच ‘तुम्हाला कोळसा हवा का’ असे विचारले जाते. नको आहे. कोळशाच्या धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसात आणि तिथून रक्तात उतरतात. दमा, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशी त्यांचा संबंध पुरेसा सिद्ध झालेला आहे. वाऱ्यावरची वीज वाढली पाहिजे आणि ती वाढतेही आहे. देशाची पवनऊर्जा क्षमता २०२५ मध्ये ५० गिगावॅटच्या पुढे गेली. पण उपयुक्त औषधाचाही दुष्परिणाम तपासायचाच असतो. किंबहुना जे औषध अनेकांना द्यायचे आहे, त्याचा तर आधी तपासायचा.

केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत औष्णिक प्रकल्प आहेत, जलविद्युत आहे, खाणी आहेत, पवनऊर्जा नाही. जमीन वनखात्याची असेल तर वनकायद्याची परवानगी लागते. खासगी माळ असेल, तर तिथल्या पक्ष्यांचा अभ्यास करण्याची सक्ती या अधिसूचनेतून येत नाही. नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये जमिनीवरील पवन प्रकल्पांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून घरांपासून ५०० मीटरचे अंतर सांगितले आहे. गिधाडाच्या घरट्यापासून किंवा वटवाघळांच्या गुहेपासून किती, याला असा आकडा नाही. पश्चिम घाटाविषयीच्या कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्येच पवनऊर्जेला मूल्यांकनाच्या कक्षेत आणण्याची शिफारस केली होती. ती कागदावर राहिली.

दुष्परिणाम खरोखर आहे का? यासाठी परदेशात जायची गरज नाही. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी तिथे केलेला अभ्यास २०१८ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेला आणि नसलेला असे एकाच पठाराचे दोन भाग त्यांनी ताडून पाहिले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले. त्यांचे भक्ष्य असलेले सरडे तिथे जास्त होते.

हे सरडे म्हणजे गळ्याशी पंख्यासारखी रंगीत झालर असणारी जात. शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये या गटाला नावच ‘सरडा’ असे दिले, आपल्या मराठी शब्दावरून. संशोधकांनी या सरड्यांच्या रक्तातले कॉर्टिकोस्टेरॉन मोजले. हा ताणाशी संबंधित हार्मोन, माणसातल्या कॉर्टिसोलचा भाऊबंद. पवनचक्क्यांजवळच्या सरड्यांत तो कमी निघाला आणि माणूस बराच जवळ गेला तरी ते पळत नव्हते. वरून झडप घालणारे कोणी नाही, मग घाबरायचे कशाला? पण संख्या वाढल्याने खाण्यासाठी स्पर्धा वाढली असावी. हे सरडे अंगाने बारीक होते आणि त्यांच्या गळ्याचा रंगही फिका होता. चक्कीच्या पात्याने सरड्याला स्पर्शही केलेला नाही, तरी त्याच्या रक्ताचा अहवाल बदलला. पायथ्याशी किती पक्षी मेले एवढेच मोजणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

आणि मेलेले पक्षी मोजणेही वाटते तितके सोपे नाही. कोल्हे, कुत्री, मुंगूस रात्रीत मृत पक्षी उचलून नेतात, गवतात पडलेले सापडत नाहीत. त्यामुळे ‘आमच्याकडे दोनच पक्षी मेले’ या विधानाला फारसा अर्थ नसतो. मुद्दाम मृत पक्षी ठेवून किती सापडतात, किती दिवसांत नाहीसे होतात हे आधी तपासायचे आणि मग आकडा दुरुस्त करायचा, अशी रीत आहे. आरोग्यखात्यात मृत्यूनोंदणीची तूट भरून काढताना आम्ही काहीसे असेच करतो.

आमच्या भागाला यात काय? माणगाव तालुक्यात पवनचक्क्यांचे रान नाही. पण शेजारच्या म्हसळा-श्रीवर्धन भागात पांढऱ्या पाठीची गिधाडे अजून तग धरून आहेत आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी ती वर्षानुवर्षे जपली आहेत. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते. बहुतेक वटवाघळांनाही वर्षाला एखादेच पिल्लू होते. अशा जातींत थोडे जादा मृत्यूही भरून निघत नाहीत. गिधाडे डायक्लोफेनॅकमुळे गेली हे २००४ मध्ये सिद्ध झाले, जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या आणि त्या ३ मिलिलिटरपुरत्या मर्यादित करायला २०१५ उजाडले. गिधाडे गेल्याने २००० ते २००५ या काळात देशात सुमारे ५ लाख जादा माणसे दगावली, असा अंदाज दोन अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये मांडला. आकड्यावर वाद होऊ शकतो. कुजणारी जनावरे, भटकी कुत्री आणि दूषित पाणी हा मार्ग मात्र कोणत्याही डॉक्टरला पटेल असा आहे.

उपाय महागडे आहेत का? अमेरिकेतल्या एका प्रयोगात वटवाघळांच्या हंगामात, रात्री मंद वारा असताना पाती थांबवून ठेवली, तेव्हा मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी घटले आणि वर्षाच्या विजेत घट आली १ टक्का किंवा त्याहून कमी. स्पेनमध्ये तारिफा भागात गिधाडे जवळ आली की निरीक्षक ठरावीक चक्क्या बंद करायला सांगत. गिधाडांचे मृत्यू निम्म्यावर आले, वीज बुडाली ०.०७ टक्के. नॉर्वेत एक पाते काळे रंगवून चांगला परिणाम दिसला, पण तो मोजक्या चार चक्क्यांवरचा अनुभव आहे. त्यावर लगेच शासननिर्णय काढू नये.

अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने मार्च २०१२ मध्ये पाच टप्प्यांची नियमावली काढली: जागेचा प्राथमिक अंदाज, प्रत्यक्ष पाहणी, सविस्तर अभ्यास, उभारणीनंतर मृत्यूंची नोंद आणि गरजेनुसार पुढचे संशोधन. रचना चांगली आहे, पण ती ऐच्छिक आहे. आपल्याकडे ऐच्छिक सूचनांचे काय होते ते सांगायला नको. नियमावली आपल्याकडे यायची तर ती सक्तीची हवी, पाहणी किमान एका पूर्ण वर्षाची हवी आणि त्यात पावसाळ्यानंतरचे स्थलांतर धरलेले हवे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमूर ससाणे महाराष्ट्रावरून अरबी समुद्राकडे जातात. मे महिन्यात चार दिवस दुर्बीण लावून ‘पक्षी आढळले नाहीत’ असा अहवाल लिहिणे फार सोपे आहे. पाहणी करणाऱ्याचे पैसे थेट कंपनीकडून येऊ नयेत आणि नोंदी सर्वांना पाहता याव्यात.

न्यायालयाने हे काम करावे अशी अपेक्षा चुकीची ठरते. माळढोकासाठी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातेतील वीजवाहिन्या जमिनीखाली घेण्यास सांगितले. मार्च २०२४ मध्ये तो आदेश शिथिल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. मधली तीन वर्षे वीज कंपन्या आणि पक्षी दोघेही अधांतरी राहिले. जागा ठरण्याआधी नियम असता तर वाहिन्या वेगळ्या मार्गाने गेल्या असत्या.

साताऱ्याच्या पठारांवरच्या जुन्या, कमी क्षमतेच्या चक्क्या आता वयाने संपत आल्या आहेत. त्या काढून मोठ्या बसवण्यासाठी केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित धोरण जाहीर केले. म्हणजे त्याच पठारांवर कमी खांब, पण जास्त उंच आणि लांब पात्यांचे. कोणता खांब कड्याच्या धारेवरून मागे घ्यायचा, कोणता पुन्हा उभारायचाच नाही, मंद वाऱ्याच्या रात्री कोणते थांबवायचे, या अटी परवानगीच्या कागदावरच घालता येतील. चाळकेवाडीची माहिती २०१८ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे.