‘घरीच तर असते!’ : गृहिणीला खरोखर मोकळा वेळ किती मिळतो?

दवाखान्यात महिला रुग्णांची माहिती लिहून घेताना ‘आपण काय करता?’ असे विचारले, की बहुतेक वेळा उत्तर येते, ‘काही नाही, घरीच असते.’ त्यानंतर पाठदुखी, थकवा, अपुरी झोप, चिडचिड अशा तक्रारी समोर येतात. डॉक्टर सांगतात, ‘रोज अर्धा तास चाला, वेळेवर जेवा, सात तास झोपा.’ पुढच्या भेटीत कळते की यातले काहीच झालेले नाही. मग घरचेही म्हणतात आणि कधी कधी डॉक्टरांनाही वाटते, ‘दिवसभर घरी असून अर्धा तास मिळत नाही?’

या प्रश्नाचे उत्तर आता बऱ्याच प्रमाणात आकड्यांत देता येते. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने २०१९ आणि २०२४ अशी दोन वर्षे देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले. दुसऱ्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. ते आकडे काय सांगतात, त्यातून काय निसटते आणि त्याचा महिलांच्या आरोग्याशी काय संबंध आहे, हे या लेखात समजून घेऊ.

सर्वेक्षण काय सांगते?

२०२४ च्या सर्वेक्षणानुसार, १५ ते ५९ वयोगटातील ज्या महिला घरकाम करतात, त्या त्यासाठी दिवसाला सरासरी ३०५ मिनिटे देतात. म्हणजे पाच तासांहून थोडे अधिक. २०१९ मध्ये हा आकडा ३१५ मिनिटे होता. पाच वर्षांत १० मिनिटे कमी झाली, ही चांगली गोष्ट आहे.

पण यात मुलांचे, वृद्धांचे आणि आजारी माणसांचे करणे धरलेले नाही. त्याची नोंद वेगळी आहे. याच वयोगटातील ४१ टक्के महिला घरातल्या कुणाची तरी काळजी घेतात आणि त्यासाठी दिवसाला सुमारे १४० मिनिटे देतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के असून ते ७४ मिनिटे देतात.

दोन्ही कामे करणाऱ्या आईचा ढोबळ हिशोब मांडला, तर ३०५ अधिक १४० म्हणजे ४४५ मिनिटे होतात. दिवसाला जवळपास साडेसात तास. घरकामाला रविवार नसतो, म्हणून सातने गुणले की आठवड्याचे सुमारे ५२ तास होतात.

श्रीपूरच्या भाषेत सांगायचे तर

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे साखर कारखान्याचे गाव आहे. इथे कामाचे तास, पाळी आणि सुट्टी हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगारासाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, त्याआधी किमान अर्धा तास विश्रांती हवी आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी, हेही त्या कायद्याने ठरवून दिले. यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराला विश्रांती लागते, हे त्यामागचे साधे कारण आहे.

त्याच कामगाराच्या घरातल्या बाईचा आठवडा सरासरीनेच या मर्यादेच्या पुढे जातो. तिला अर्ध्या तासाची ठरलेली विश्रांती नाही आणि साप्ताहिक सुट्टीही नाही. शिवाय गाळप हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो. नवऱ्याची पाळी बदलली, की घरातले जेवणाचे, झोपेचे आणि अंघोळीच्या पाण्याचे वेळापत्रक बदलते. तो पहाटेच्या पाळीला जाणार असेल, तर तिला त्याच्या आधी उठावे लागते. तो रात्रपाळीहून आला, तर दिवसा त्याची झोप मोडू नये म्हणून मुलांना शांत ठेवावे लागते. पाळी एकाच्या नावावर असते, पण ती दोघांना करावी लागते.

एका दिवसाचा नमुना हिशोब

सरासरीमध्ये लहान मुले नसलेल्या महिलाही येतात. म्हणून आपण एक उदाहरण घेऊ. हे कुणा एका व्यक्तीचे नाही, समजण्यासाठी केलेले आहे. घरात नवरा, सात वर्षांची मुलगी, दोन वर्षांचा मुलगा आणि मधुमेह असलेल्या सासूबाई आहेत. कामाला बाई नाही.

- रात्रीची झोप : ६ तास ३० मिनिटे (मध्ये मुलासाठी दोनदा उठणे)
- चहा, स्वयंपाक, भाकरी, डबे, वाढणे : ३ तास ४५ मिनिटे
- पाणी भरणे, धुणे, भांडी, झाडलोट : २ तास ४५ मिनिटे
- मुलांची अंघोळ, भरवणे, शाळा, अभ्यास : ३ तास
- सासूबाईंची औषधे, पथ्याचे जेवण : ४५ मिनिटे
- किराणा, दळण, निवडणे-टिपणे : १ तास ३० मिनिटे
- स्वतःची अंघोळ, जेवण आणि इतर विधी : १ तास ४५ मिनिटे

एकूण २० तास झाले. म्हणजे कागदावर ४ तास उरले. ‘बघा, चार तास मोकळी असते,’ असे कुणी म्हणाले तर बेरीज चुकीची नाही. पण हे चार तास येतात कसे, हे पाहायला हवे. सकाळी मुलगी शाळेत गेल्यावर वीस मिनिटे, दुपारी धाकटा झोपला की सव्वा तास, मध्येच दहा मिनिटे, संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत पंधरा मिनिटे, आणि उरलेला वेळ रात्री सगळे आडवे झाल्यावर. त्यातल्या दुपारच्या सव्वा तासातही ती घर सोडून जाऊ शकत नाही, कारण मुलगा केव्हाही उठेल.

सर्वेक्षणातून काय निसटते?

या सर्वेक्षणात पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार या २४ तासांची माहिती अर्ध्या अर्ध्या तासाच्या टप्प्यांत विचारली जाते. एका टप्प्यात अनेक कामे झाली, तर किमान दहा मिनिटे चाललेली जास्तीत जास्त तीन कामे नोंदवली जातात. देशव्यापी पाहणीसाठी ही पद्धत योग्यच आहे. पण आईचा दिवस बऱ्याचदा दहा मिनिटांपेक्षा लहान कामांनी भरलेला असतो. नाक पुसणे, दूध उतू जाऊ नये म्हणून धावणे, दारावर आलेल्याला उत्तर देणे, सासूबाईंना पाणी देणे. ही कामे कुठेच दिसत नाहीत, पण विश्रांती मात्र तीच मोडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे राखण. मूल झोपले आहे आणि आई शेजारी टीव्ही पाहते आहे. विचारले तर ती ‘टीव्ही पाहत होते’ असेच सांगेल. प्रत्यक्षात तिचा एक कान मुलाकडे असतो. असा वेळ हाताला मोकळा असतो, डोक्याला नाही.

म्हणून आरोग्याच्या दृष्टीने मोकळा वेळ मोजताना तीन प्रश्न विचारावेत :

१. हा वेळ सलग किमान अर्धा तास आहे का?
२. त्या वेळात मुलांची आणि घराची जबाबदारी दुसऱ्या कुणावर आहे का?
३. वाटल्यास घराबाहेर पडता येईल का?

वरच्या उदाहरणातील चार तासांना हे प्रश्न लावले, तर तिन्हींचे उत्तर ‘हो’ येईल असा वेळ जवळजवळ शून्य आहे.

तुकड्यातुकड्यांचा वेळ शरीराला का पुरत नाही?

*झोप :* २०१४ मध्ये तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना रात्री फक्त चार तास झोपू दिले. काहींना आठ तास झोपायला दिले, पण मध्ये चार वेळा दहा-पंधरा मिनिटे उठवले. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांची मनःस्थिती आणि एकाग्रता सारखीच बिघडलेली आढळली. लहान मुलाच्या आईची झोप महिनोन्‌महिने अशीच मोडत असते. त्यामुळे ‘आठ तास अंथरुणात तर होतीस’ हा युक्तिवाद टिकत नाही.

*आहार आणि रक्त :* राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आहे. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत : लोहाची कमतरता, पाळीत जास्त रक्त जाणे, वारंवार बाळंतपणे, जंत. पण सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणे, उभ्या उभ्या दोन घास घेणे आणि जेवणाला जोडून चहा घेणे (चहामुळे अन्नातील लोह कमी शोषले जाते) या सवयीही त्यात भर घालतात.

*व्यायाम :* ‘घरकाम हाच व्यायाम’ हे अर्धसत्य आहे. जागतिक आरोग्य संघटना घरातील हालचालही शारीरिक श्रमांत धरते. मात्र आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल व्हावी, म्हणजे श्वास थोडा जोरात चालला पाहिजे आणि नाडी वाढली पाहिजे. वाकून झाडणे किंवा बैठक मारून भाकऱ्या थापणे यात पाठ, गुडघे आणि मनगटे दमतात, पण हृदयाला आणि फुप्फुसांना पुरेसा व्यायाम होईलच असे नाही.

*मन :* राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२१ मध्ये देशात ४५,०२६ महिलांचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यातील २३,१७८, म्हणजे निम्म्याहून अधिक, गृहिणी होत्या. यामागे कौटुंबिक कलह, हिंसाचार, आजार, कर्ज अशी अनेक कारणे असतात. त्याचा दोष केवळ वेळेच्या अभावाला देता येणार नाही. पण मनातले बोलायला, माहेरी जायला, डॉक्टरकडे जायला जिला वेळच नाही, तिचे दुःख उशिरा लक्षात येते.

*रात्रीचा मोबाईल :* दिवसभर स्वतःचा वेळ न मिळालेली आई रात्री अकराला मोबाईल घेऊन बसते. घरचे त्याला आळस म्हणतात. बहुतेकदा तो दिवसातला एकमेव हक्काचा वेळ असतो. त्यामुळे झोप आणखी कमी होते, हे खरे. पण नुसते ‘मोबाईल ठेव’ सांगून उपयोग नाही. दिवसा वेळ मिळाला तरच ही सवय सुटते.

पैसा मिळाला, वेळेचे काय?

गेल्या काही वर्षांत गृहिणीच्या कामाची दखल घेतली जाऊ लागली आहे. ५ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका निकालात, गृहिणीच्या कामाचे आर्थिक मूल्य धरले पाहिजे, असे स्पष्ट केले. त्या निकालात २०१९ च्या वेळ सर्वेक्षणाचाच आधार घेतला होता : घरकामासाठी महिलांची २९९ मिनिटे, पुरुषांची ९७ मिनिटे (वय सहा वर्षे आणि पुढे). महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून ‘माझी लाडकी बहीण’ योजनेत पात्र महिलांना दरमहा १५०० रुपये मिळू लागले. हाती पैसा आला, तर औषध घेणे आणि रिक्षाने दवाखान्यात जाणे सोपे होते.

पण पैशाने वेळ आपोआप मिळत नाही. राज्याने सप्टेंबर २०२२ मध्ये ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही तपासणी मोहीम सुरू केली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान झाले. तपासण्या मोफत आहेत. तरीही प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन यायला दोन-तीन तास लागतात, आणि त्या वेळात धाकट्याला कोण सांभाळणार, हा प्रश्न उरतो. अंगणवाडीतील शाळापूर्व शिक्षण तीन वर्षांपुढील मुलांसाठी असते. सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघराची तरतूद आहे. आपल्या भागात तशी सोय आहे का, हे अंगणवाडी सेविकेला जरूर विचारा.

घरच्यांनी काय करावे?

- ‘मदत’ करू नका, एखादे काम पूर्ण आपल्याकडे घ्या. सासूबाईंच्या गोळ्या संपल्या की आणणे, त्या वेळेवर देणे आणि तपासणीची तारीख लक्षात ठेवणे, हे सगळे मुलाने पाहावे. नुसते ‘सांग, आणतो’ म्हटले, तर लक्षात ठेवण्याचे ओझे तिच्याच डोक्यावर राहते.
- रोज अर्धा तास तिच्या सुट्टीचा ठरवा. त्या वेळात मुले दुसऱ्याकडे असतील. ती चालेल, झोपेल की नुसती बसेल, हे तिने ठरवावे.
- पाळी बदलते, म्हणून तासही बदलू द्या, पण चुकवू नका.
- लहान बाळ असल्यास आठवड्यातून दोन-तीन रात्री बाळासाठी उठण्याचे काम दुसऱ्याने करावे, म्हणजे तिला सलग झोप मिळेल. अंगावर पिणाऱ्या बाळाला पाजण्यापुरते तिच्याकडे द्यावे, लंगोट बदलणे आणि झोपवणे दुसरा करू शकतो.
- सगळ्यांनी एकत्र जेवावे. भाजी तिच्यासाठी शेवटी उरते का, ते पाहावे.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

थकवा कामाचाच असेल असे गृहीत धरू नका. पुढील लक्षणे असल्यास तपासणी करून घ्या :

- दोन आठवड्यांहून अधिक काळ थकवा, चालताना धाप लागणे, छातीत धडधडणे
- पाळीत खूप रक्त जाणे किंवा पाळी अनियमित होणे
- वजनात कारण नसताना बदल, केस गळणे, हातापायांना मुंग्या
- पाठदुखीबरोबर पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा
- बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून अधिक उदासी, सतत रडू येणे, बाळाकडे लक्ष न लागणे

हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातील साखर आणि गरजेनुसार ब-१२ या साध्या तपासण्यांतून थकव्याची बरीच कारणे कळतात. जगणे नकोसे वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर वाट पाहू नका. सरकारच्या टेली मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत फोन करता येतो आणि मराठीत बोलता येते.

तपासणीला येताना एकच करा : काल सलग किती वेळ झोपलात आणि सलग किती वेळ स्वतःसाठी मिळाला, हे डॉक्टरांना सांगा. औषधाच्या चिठ्ठीवर ‘रोज अर्धा तास चालणे’ लिहिले असेल, तर ती घरी नवऱ्याला आणि सासूबाईंनाही दाखवा. तो अर्धा तास मिळवून देण्याचे काम त्यांचे आहे.